साठ गोण्या, सहा लॉट

दानशेन या चिनी औषधी वनस्पतीच्या मुळांसाठी चिनी फार्माकोपियाच्या (अधिकृत औषध-मानकग्रंथाच्या) २०२० आवृत्तीत औषधी घटकांच्या दोन किमान मर्यादा आहेत: तीन टॅनशिनोन मिळून ०.२५ टक्के आणि साल्व्हियानोलिक ॲसिड बी ३.० टक्के. दोन्ही कोरड्या वजनावर. अर्क बनवणाऱ्या एका ग्राहकाला टॅनशिनोनसाठी याहून कडक खरेदी-निकष हवा होता, म्हणून फाइल माझ्याकडे आली. पुरवठादाराने ६० गोण्यांचे टॅनशिनोनचे आकडे टक्क्यांत दिले होते: सरासरी ०.४०, प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) ०.०६. सोबत त्याने सुचवलेला निकष होता ०.३२.

हा आकडा कुठून आला ते लगेच कळतं. सरासरीतून २० टक्के वजा करायची पद्धत चीनमध्ये चांगलीच रुळलेली आहे. मला ती कधीच पटली नाही, कारण तिच्यात विचलनाला जागाच नाही. माल एकसारखा असो की विस्कळीत, उत्तर तेच.

मी एकतर्फी टॉलरन्स मर्यादा काढली, म्हणजे ९५ टक्के खात्रीने निदान ९५ टक्के माल जिच्या वर राहील ती. ६० नमुन्यांसाठी गुणक २.०२२ आहे; त्याने विचलनाला गुणून सरासरीतून वजा केलं, मर्यादा आली ०.२८. पुरवठादाराच्या आकड्यापेक्षा खाली, तरी फार्माकोपियाच्या वर. इथे थांबलो असतो तर सगळेच खूश झाले असते.

पण हिस्टोग्राममध्ये आकडे झुबक्या-झुबक्यांनी बसले होते. लॉट क्रमांकाचा रकाना उघडला तर लॉट फक्त सहा, प्रत्येकातून दहा गोण्या. एकाच शेतातल्या, एकाच वेळी वाळवलेल्या दहा गोण्या जवळपास एकच गोष्ट दहादा सांगतात. लॉटमधला सहसंबंध ०.८४ च्या आसपास निघाला. ६० ला १ + ९ × ०.८४ ने भागलं की स्वतंत्र नमुने उरतात जेमतेम सात. लॉटच्या सरासऱ्या घेऊन पुन्हा हिशेब केला: विचलन ०.०५५, सहा नमुन्यांचा गुणक ३.७०८, मर्यादा ०.१९६. म्हणजे या माहितीवर ०.२५ पेक्षा कडक निकषाला आधारच नव्हता.

एक लॉट बाकीच्यांपेक्षा बराच वर होता, त्याची चौकशी वेगळी केली. टॅनशिनोन मुळाच्या बाहेरच्या विटकरी सालीत साठतं. वाळलेली साल ठिसूळ, ती आधी दळली जाते. आतला चिवट भाग चाळणीवर राहतो. त्या लॉटची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत हा उरलेला भाग टाकून देत होते, त्यामुळे भुकटीत सालच जास्त. उरलेला भाग पुन्हा पुन्हा दळून पूर्ण नमुना चाळणीतून गेला पाहिजे, नाहीतर पुढचं संख्याशास्त्र व्यर्थ. (बारीक मुळांच्या लॉटमध्ये साल खरोखरच जास्त असते, म्हणून मुळांची जाडीही नोंदवायला सांगितली.)

मागणीपत्र बदललं: एका लॉटमधून दोनच गोण्या, पण लॉट वेगवेगळे. सिचुआन, शानदोंग, हनान, शान्शी; वसंतातली आणि शरदातली काढणी; शक्यतो दोन वर्षांची. वितरणाचा आकार गृहीत न धरता सर्वांत कमी वाचनालाच मर्यादा मानायचं तर ५९ स्वतंत्र लॉट लागतात, कारण ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली जातो. एवढे मिळणार नव्हते. लॉटच्या सरासऱ्या सामान्य वितरणात बसल्या तर ३० लॉटवर, २.२२० गुणकाने, भागणार होतं. ते आकडे येईपर्यंत खरेदीपत्रकावर ०.२५ च ठेवलं.