अठरापैकी चौदा

जूनमध्ये फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत आली की कोथरूडहून मावसभावाचा फोन ठरलेला. "ताई, त्याच त्या गाड्या चोवीस तास काय बघायच्या? खरा ड्रायव्हर फॉर्म्युला वनचा!" फोनवर वाद खूप झाले, आता लिहूनच टाकते.

माझं उत्तर एकच: ले मान्सचा ड्रायव्हर टॉम क्रिस्टेनसन. डेन्मार्कमधल्या होब्रो गावच्या पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा. १९९७ साली शर्यतीला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा योस्टच्या टीममधल्या जखमी ड्रायव्हरच्या जागी त्याला बोलावलं. पठ्ठ्यानं त्या शर्यतीतली सगळ्यात वेगवान फेरी मारली आणि त्याच गाडीचे दुसरे दोन ड्रायव्हर आल्बोरेटो, योहान्सन यांच्यासोबत पहिल्याच फटक्यात जिंकला. पुढे २००० ते २००५ सलग सहा, मग २००८ आणि २०१३. नऊ विजय, इतके कुणाच्याच नावावर नाहीत.

मला मात्र दुसराच आकडा जास्त भारी वाटतो. तो १८ वेळा उतरला, त्यात ४ वेळा गाडी शेवटपर्यंत पोचलीच नाही. उरलेल्या १४ही वेळा तो पहिल्या तिघांत आहे!

मी चाकणला इंजिनांच्या ड्युरेबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे इंजिन किती टिकतं ते तपासण्याच्या कामात आहे. टेस्ट बेडवर इंजिन रात्रंदिवस चालतं, माणसं पाळीनं बदलतात. रात्रपाळीवाल्यानं लॉगबुकात "ऑइल प्रेशर किंचित खाली, लक्ष ठेवा" एवढं लिहून ठेवलं तरी सकाळच्याचं निम्मं काम होतं. म्हणून मला ले मान्समधली ड्रायव्हर बदलण्याची वेळ फार आवडते. तिघांत एक गाडी, पाळीपाळीनं चालवायची. घामानं निथळत उतरलेला ड्रायव्हर आत बसणाऱ्याचे बेल्ट ओढून आवळून देतो. टायर, ब्रेक राखायचे, साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत अंधारात हळू गाड्यांना न घासता ओलांडायचं आणि गाडी धड अवस्थेत पुढच्याच्या हवाली करायची. नुसत्या वेगावर भागत नाही. २००८ मध्ये वेग प्यूजो कंपनीच्या गाड्यांकडे होता, पण पावसात जिंकली ती कॅपेलो, मॅकनिश आणि क्रिस्टेनसनची ऑडी.

आणि कधी सगळं नीट करूनही हातचं जातं. १९९९ मध्ये त्याची बीएमडब्ल्यू आरामात पुढे होती. रविवारी जोडीदार लेहटो चालवत असताना थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी झडप) अडकला, गाडी जाऊन आदळली. त्यानंतर पुढच्याच वर्षी ऑडीत बसून जिंकणं, तेही पुन्हा दोघांच्या भरवशावर गाडी सोपवून! नवांपैकी मला २०००चाच विजय सगळ्यात मोठा वाटतो.