परीक्षा आणि सुपं

विडी वळणाऱ्या बाईला लिहायला-वाचायला शिकवायचं म्हटलं की लोकांना वाटतं, अडचण तिच्या वयाची असणार, नाहीतर डोक्याची. सोलापुरात हे काम करायला लागल्यावर कळलं, अडचण हातांची आहे. सकाळी ब्रँचला, म्हणजे विडी कंपनीच्या वखारीत, वळलेला माल देऊन आली की घरचं आवरून बाई सूप मांडीवर घेते ती दिवेलागणीपर्यंत. पानं भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, तोंड बंद करा, दोरा बांधा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. मुलं, धुणं, पाणी हे सगळं त्याच्या मध्येमध्ये.

म्हणून आमचा वर्ग दुपारी, कुणाच्या तरी ओसरीवर, हातातलं काम चालू ठेवूनच भरतो. मुरलेल्या बाईला विडीकडे बघावं लागत नाही, बोटं आपली चालत राहतात. तेवढे मोकळे डोळे आम्ही वापरतो. भिंतीला तक्ता टांगायचा, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. बसची पाटी, रेशनची पावती, दवाखान्याचा केसपेपर, सगळं त्या तक्त्यावर येतं. वाचन झपाट्यानं पुढं जातं, लिखाण मागं पडतं. पेन धरायला हात रिकामा कधी असतो?

ही पद्धत आमच्या ताईंची. ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या क्षेत्र कार्यकर्त्या. आई विडी कामगार, स्वतःही लग्नाआधी वळलेल्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, पाच गल्ल्या सोडून कन्नड, तिन्हीत भांडता येतं. कुठल्या घरात सासू अडवते, कुठल्या घरात नवरा दुपारी पिऊन झोपलेला असतो आणि तिथं आवाज चढवायचा नाही, कुणाची सून बाळंत व्हायची आहे, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. मी समन्वयक, अहवाल, बैठका आणि साहेबलोक माझ्याकडे. आमचे गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत कंदील घेऊन वस्त्यांवर फिरलेले. शिवाय मोबाइलवर नोंदणी करणारा एक दादा, आठवड्यातून दोनदा येणारे हिशेबनीस काका आणि कॉलेजातल्या चार-पाच पोरी. सरकारी भाषेत त्या पोरी ‘स्वयंसेवी शिक्षक’. त्यांना मानधन नाही, आणि आम्हाला जे मिळतं त्याला पगार म्हणायला जीभ कचरते.

सांगायचा आहे तो दिवस 23 मार्च 2025 चा. रविवार. केंद्र सरकारच्या उल्लास या साक्षरता कार्यक्रमातली, पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची परीक्षा राज्यभर त्याच दिवशी होती. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण. प्रत्येक भागात किमान 33 टक्के हवेत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात केव्हाही यायचं, तीन तास बसायचं. ज्यानं कुणी ही सवलत ठरवली त्याला बायकांचा दिवस कसा जातो हे ठाऊक असावं.

आमचं परीक्षा केंद्र होतं कुंभारीच्या विडी घरकुलाजवळच्या एका शाळेत. हे घरकुल म्हणजे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत, 2006 साली उभी राहिलेली. सोलापूरबाहेरच्यांना आकडा खोटा वाटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

साडेदहाला बायका येऊ लागल्या. केसात गजरे, ठेवणीतल्या साड्या, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. आणि कमरेवर सुपं! दोघी-तिघी नव्हे, निम्म्याहून जास्त. नंबर लागेपर्यंत बसूनच राहायचं तर तेवढ्यात दोन कट्टे होतील, असा साधा हिशोब. काही मुस्लिम बायकांचे रोजे चालू होते. उन्हातून दुसरी खेप नको म्हणून त्याही सगळं सामान घेऊनच आलेल्या.

मुख्याध्यापक फाटकातच आडवे आले. भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असं हातभर अक्षरात रंगवलेलं, आणि खाली तंबाखूनं भरलेल्या सुपांची रांग. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी दोन्ही हात जोडले. ते म्हणाले, “मॅडम, बायकांना आत घ्या, तंबाखू बाहेर ठेवा. उद्या कुणी फोटो काढला तर उत्तर मला द्यावं लागेल.”

बायका म्हणाल्या, मग आम्हीच बाहेर. माल रस्त्यावर टाकून कोण बसणार? सोमवारी ब्रँचला आकडा कमी भरला तर बोलणी कोण खाणार? दोघी तर माघारी वळल्याही. दादा माझ्याकडे बघतोय, मी गुरुजींकडे. गुरुजींना तंबाखूचा वाससुद्धा सहन होत नाही, ते केव्हाच चार पावलं लांब जाऊन उभे.

ताईंनी कुणाला विचारलं नाही. फाटकापासून बऱ्याच अंतरावर रस्त्यापलीकडे लिंबाचं झाड आहे, तिथं बॅनर अंथरला. आमच्या संस्थेचाच, नावाची बाजू खाली करून. सगळी सुपं तिथं मांडून घेतली, प्रत्येकीच्या सुपात ओळखीची खूण म्हणून तिच्याच पिशवीतली एकेक वस्तू टाकली. कुणाची किल्ली, कुणाचा रुमाल. मग पदर खोचून पहिलं सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “जावा की आत. तासाला किती होतात ते मला नका शिकवू. तुमचे कट्टे मी बांधते, तुम्ही पेपर लिहा.”

त्या दिवशी आमची क्षेत्र कार्यकर्ती उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या भानगडीत कुठंच नव्हती. ती झाडाखाली बसून परीक्षार्थींच्या विड्या वळत होती. ज्या पोरींना आत काम नव्हतं त्यांनाही तिनं खाली बसवलं. एक बी.कॉम.ची मुलगी, जन्मात कधी पान हातात न धरलेली, दोरा बांधायला शिकली. पुण्याहून पाहणीला कुणी आलं असतं तर त्या क्षणी मी काय सांगितलं असतं, देव जाणे.

आत वेगळीच गंमत. वाचनाचा भाग बायकांनी चटाचटा उरकला. काही जणी मोठ्यानं वाचायला लागल्या, कारण वर्गात तसंच वाचायची सवय. पर्यवेक्षक ओठांवर बोट ठेवून दमले. संख्याज्ञानातही फारसं अडलं नाही. चाळीस गुणिले पंचवीस यांना कोण विचारणार? पण वजाबाकी मांडून दाखवायची म्हटली की पंचाईत. साठीच्या एक अम्मा मनातल्या मनात तेलुगूत हिशोब करून उत्तर बरोबर काढत होत्या, अन् मांडायची कशी म्हणून पेन हवेत धरून बसल्या होत्या.

त्याच अम्मांचं लेखन मी दारातून बघत राहिले. पेन त्यांनी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत आडवं धरलं होतं, अगदी विडीचं तोंड मिटताना धरतात तसं. तर्जनीच्या टोकाला वर्षानुवर्षांचा घट्टा, त्यावर पेन टिकेना, घसरे. आडनावातलं जोडाक्षर तीनदा गिरवलं. कागदाला भोक पडायच्या बेताला आलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

दुपारी पाहणीला एक साहेब आले. कोरी पानं बघून गुरुजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “थोडं सांगा की. आकडा चांगला गेला तर तुमच्याच संस्थेचं नाव होईल.” गुरुजी चार वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं नोकरी केली. पोरांना कॉपी करू दिली नाही, आता यांच्या आयांना करायला लावू?” साहेब चहाही न घेता गेले. मला तेव्हा गुरुजींचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. पुढचं अनुदान डोळ्यांपुढं होतं. पण त्यांच्याऐवजी मी असते तर काय बोलले असते, याची मला खात्री नाही, आणि गुरुजींना होती.

साडेचारला शेवटची बाई बाहेर आली तेव्हा झाडाखाली कट्ट्यांचे ढीग लागले होते. आपापलं सूप, आपापली किल्ली घेऊन बायका गेल्या. पेपर कसा गेला हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. किती कट्टे झाले, एवढंच बघितलं.

निकाल लागला तो अंदाजासारखाच. बऱ्याच जणी उत्तीर्ण, काही लेखनात अडकलेल्या, शेरा ‘सुधारणा आवश्यक’. अम्मा त्यातल्याच. अहवालात मी लिहिलं की लेखनासाठी हात मोकळे असलेला वेळ लागेल, आणि त्या वेळात बुडालेल्या विड्यांचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत. त्यावर वरून काही आलं नाही. फुकट शिकवतो म्हणजे शिकणाऱ्याला काही खर्चच येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ब्रँचच्या रांगेत उभं राहून बघावं.

परीक्षेनंतरच्या सोमवारचं मात्र सांगायला हवं. सकाळीच ताईंचा फोन. ब्रँचला चेकरनं बरेच कट्टे छाटात काढले होते, म्हणजे नापास केले होते, दोरा सैल म्हणून. सगळे बी.कॉम.वाल्या पोरीच्या हातचे. ज्यांचा माल छाटला गेला त्या बायका तक्रार करत नव्हत्या, पण ताईंनी त्यांना नुकसान भरून देऊ असा शब्द देऊन टाकलेला. मी हिशेबनीस काकांना रक्कम सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कशात टाकू हे? शैक्षणिक साहित्यात?”

“टाका की.”

“ऑडिटर विचारेल, साहित्य कुठाय?”

ताई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, “म्हणावं, ओढून टाकलं लोकांनी.”

काकांनी शेवटी ‘परीक्षा – किरकोळ’ असं लिहिलं आणि बी.कॉम.च्या मुलीला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी तू आत बस.