कळा सुरू होण्याआधीचा कागद

सध्या भेटेल तो एकच विचारतो, "नॉर्मल होणार ना?" जणू मी कुठेतरी अर्ज भरून दिलाय आणि निकाल लागायचा बाकी आहे. मला ३६वा आठवडा लागलाय, हे पहिलंच बाळंतपण आणि मी शाळेत गणित शिकवते. गणिताचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

नॉर्मल की सिझर हे फारसं माझ्या हातात नाही. बाळ आडवं असेल, वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, ऐनवेळी बाळाचे ठोके उतरले आणि वर येईनात, तर चर्चा करायची नसतेच. पण या दोन टोकांच्या मध्ये डझनभर लहान निर्णय असतात आणि ते कुणीतरी घेतंच. कळा औषधाने आणायच्या की वाट पाहायची, ठोक्यांचा पट्टा सतत बांधून ठेवायचा की मधूनमधून ऐकायचं, कळा देताना आडवं पडायचं की बसायचं, नाळ कधी कापायची. हे सगळं पहिल्यांदा कानावर पडण्याची जागा लेबर रूम नसावी. कळा दोन-तीन मिनिटांवर आल्या असताना कुणी काही समजावलं तर डोक्यात काय शिरणार? सही मात्र तेव्हाच मागतात.

म्हणून मी एक कागद तयार करतेय. एकाच पानाचा, कारण ड्युटी बदलताना तीन पानं कुणी वाचत नाही.

सुरुवात तारखेपासून केली. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवायचे. हा हिशेब नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो आणि तो एकोणिसाव्या शतकातला आहे. पाळी बरोबर २८ दिवसांनी येते असं तो गृहीत धरतो. सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीने तारीख अधिक नेमकी होते, तरीही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. माझ्या वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी समासात "किती मागे-पुढे?" असं लाल पेनने विचारलं असतं. त्यामुळे तारीख विचारली की मी पंधरवडा सांगते. मावशी वैतागते. "अगं, आम्ही रजा कधीची टाकायची?"

मग तो 'तासाला एक सेंटिमीटर'चा नियम. पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडायला हवं आणि तासाला एक या हिशेबाने ते उघडलं नाही तर बाळंतपण रेंगाळलं, असं मी इतक्या जणींकडून ऐकलं होतं की तो निसर्गनियमच वाटायचा. त्याची मुळं १९५५ सालच्या एका आलेखापर्यंत जातात. इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरने न्यूयॉर्कमधल्या पाचशे पहिलटकरणींच्या नोंदींवरून तो काढला. त्यातल्या बहुतेकींना गुंगीची औषधं दिलेली होती. पुढे अशा आलेखांवरून एक रेषा आली आणि रेषेच्या उजवीकडे सरकलेली प्रत्येक बाई 'मागे पडलेली' ठरू लागली. काही जणींच्या नोंदींचं असं सगळ्यांसाठीच्या किमान मर्यादेत रूपांतर झालेलं पाहून माझ्यातली शिक्षिका अस्वस्थ होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली हे स्पष्ट केलं. बाळंतपणाचा जोरकस टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, त्याआधीचा काळ प्रत्येकीत खूप वेगळा असू शकतो, आणि तासाला एक सेंटिमीटर ही गती काही जणींसाठी अवास्तव आहे. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ त्या गतीसाठी हस्तक्षेप करू नये. पाचपासून पुढे पहिल्या खेपेला साधारण बारा तासांपर्यंतचा वेळ लागू शकतो. म्हणून कागदावरची पहिली ओळ अशी आहे: "आत तपासल्यावर किती सेंटिमीटर ते मला सांगा. 'अजून काहीच नाही' असं सांगू नका."

कळा औषधाने आणण्याबद्दल माझं मत जवळजवळ पक्कं होतं. औषध दिलं की कळा जास्त जोराच्या, बाळ दमतं, शेवट सिझरने, हे मैत्रिणींकडून ऐकलेलं. पण २०१८मध्येच अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणी होत्या. निम्म्यांच्या कळा ३९व्या आठवड्यात औषधाने आणल्या, बाकीच्यांची वाट पाहिली. औषधवाल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहणाऱ्यांत २२.२. म्हणजे माझ्या लाडक्या समजुतीच्या उलट. अर्थात त्यावरून सगळ्यांनी ३९व्या आठवड्यात जाऊन औषध घ्यावं असं निघत नाही. नैसर्गिक कळांची वाट पाहण्यालाही काही स्त्रियांच्या लेखी किंमत असते आणि ती टक्क्यांत मावत नाही. पण 'औषध म्हणजे सिझर' हे वाक्य मी आता कुणाला सांगणार नाही. शिवाय औषध म्हणजे एकच गोष्ट नसते. पिशवीचं तोंड अजून कडक, बंद असेल तर आधी ते मऊ करण्यासाठी जेल, गोळी किंवा फुगा वापरतात; ते तयार असेल तर पाण्याची पिशवी फोडतात, सलाईनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन देतात. तोंड किती तयार आहे याचे गुण द्यायची पद्धत आहे, १९६४ पासूनची, बिशप स्कोअर. तर मी डॉक्टरांना विचारलं, "माझे गुण किती असतील तेव्हा तुम्ही काय सुचवाल?" त्या हसल्या. म्हणाल्या, "पेपर तपासायची सवय दिसतेय तुम्हाला." पण उत्तर त्यांनी नीट दिलं, खुर्ची पुढे ओढून.

हे विचारणं अगोचरपणा आहे असं घरात काहींना वाटतं. "डॉक्टरांना कळत नाही का?" कळतं की. त्यांना वैद्यक कळतं. मला कशाची किती भीती वाटते, ते मी सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळेल? ब्रिटनमधला माँटगोमेरी खटला याच मुद्द्यावर झाला. मधुमेह असलेली, चणीने लहान आई. अशा वेळी बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के होती, पण डॉक्टरांनी ती सांगितली नाही, कारण सांगितली तर बायका सिझर मागतात. १९९९मध्ये जन्मताना बाळाचा खांदा खरोखर अडकला आणि त्याला कायमची इजा झाली. २०१५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्या जागी असलेल्या स्त्रीला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि त्यावरचे पर्याय तिला सांगायलाच हवेत. हे वाचल्यापासून मी संकोच सोडला.

नवऱ्याला चार प्रश्न पाठ करायला लावलेत. याचा फायदा काय? धोका काय? दुसरा काही मार्ग आहे का? तासभर थांबलो तर काय होईल? त्यातला चौथा सगळ्यात उपयोगाचा. उत्तर "काही नाही, थांबू शकता" असेल तर आम्हाला बोलायला वेळ मिळतो. "थांबता येणार नाही" असेल तर तेही लगेच कळतं आणि मग आम्ही वाद घालायचा नाही, हे आमचं ठरलंय. प्रश्न तोच विचारणार, कारण मी शिव्या देत असण्याची शक्यता आहे. त्याला रक्त बघवत नाही, पण तो माझ्या डोक्याशी उभा राहणार आहे, पायाशी नाही. कुणी सतत सोबत असलं तर सिझर किंवा चिमटा न लागता बाळंतपण होण्याची शक्यता वाढते आणि वेळही थोडा कमी लागतो, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे. त्यामुळे त्याची जागा शोभेची नाही.

बाकीच्या ओळी भराभर लिहून झाल्या. बाळ बाहेर येताना योनीमार्गाच्या तोंडाशी सरसकट छेद नको. गरज पडली तर सांगून घ्या. (३४-३५ आठवड्यांपासून त्याच जागी तेलाने मालिश केल्यास पहिल्या खेपेला टाक्यांची गरज जरा कमी होते. ते करताना नववा महिना आडवा येतो. पोटापलीकडे हात पोचायला हवा ना!) सगळं ठीक असेल तर ठोके मधूनमधून ऐका, मला फिरू द्या; ऑक्सिटोसिन किंवा एपिड्युरल (पाठीत सुईने दिलं जाणारं, कळांची वेदना कमी करणारं औषध) सुरू केलंत तर पट्टा बांधा. नाळ किमान मिनिटभराने कापा. बाळ रडलं, ठीक असलं तर लगेच माझ्या छातीवर द्या. आणि सिझर झालं तर काय, ही ओळ मी मुद्दाम त्याच पानावर घेतली, मागच्या बाजूला नाही: मी जागी असेन तर बाळ आधी मला दाखवा, मला शक्य नसेल तर त्याच्या वडिलांच्या छातीशी ठेवा.

केव्हा निघायचं तेही दारामागे चिकटवलंय. पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक मिनिटभराची, असं तासभर चाललं तर फोन करून निघायचं. पण पाणी गेलं, पाण्याचा रंग हिरवट आला, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळा मोजत बसायचं नाही. लगेच निघायचं.

राहता राहिलं एपिड्युरल. पाठीत सुई घेतली की कंबर जन्मभर दुखते, असं आत्या शपथेवर सांगते. भूलतज्ज्ञ म्हणाले, बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्यांनाही तितकीच होते. सुईमुळे सिझर वाढत नाही. रक्तदाब उतरू शकतो, शेवटचा टप्पा लांबू शकतो, शंभरात एखादीला नंतर जोरदार डोकेदुखी होते. रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील तर देताच येत नाही, म्हणून तो रिपोर्ट आधीच काढून ठेवलाय. रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ उपलब्ध असतात का, हेही विचारलं. असतात, पण दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असले तर थांबावं लागेल.

मला हवं की नको, ते अजून ठरत नाहीये. कागदावर सध्या लिहिलंय: "मी मागितलं तर द्या, आपणहून विचारू नका." नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "आणि आत्ता नको म्हणालीस आणि तेव्हा मागितलंस तर? मी तुला हा कागद दाखवायचा का?"

"दाखवून बघ," म्हटलं.

त्याने पेन घेतलं आणि त्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "तेव्हा जे म्हणेल तेच धरावं." पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे पान दाखवायचं आहे, आणि ४१ आठवडे उलटले तर काय, तेवढं विचारायचं राहिलंय.