तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा पोरगा

रविवार, रात्री उशिरा

आज लेकाचं शाळेचं बेसबॉल संपलं. जपानमधे बारावीच्या पोरांचं असंच असतं, उन्हाळी स्पर्धेत हरलं की त्याच दिवशी क्लबमधून बाहेर. देशभरातून 3400 च्या आसपास टीम उतरतात आणि कोशिएनच्या मैदानावर, म्हणजे देशपातळीवरच्या मुख्य फेरीत, पोचतात फक्त 49, तोक्यो आणि होक्काइदोच्या दोन-दोन धरून. बाकी सगळ्यांचं जुलैत कुठल्यातरी भर दुपारी संपतं, तसं आमचं आज संपलं.

तीन वर्षांत ऑफिशियल मॅचमधे त्याने एकदाही बॅटिंग केली नाही. तरी मी त्याला खेळाडूच म्हणणार, आणि चांगला खेळाडू म्हणणार.

सहावीत पुण्याहून इथे आलो तेव्हा त्याच्या अंगात नुसतं क्रिकेट भिनलेलं. बॉल मारला की बॅट टाकून पळायचं सोडून ती हातात धरूनच पहिल्या बेसकडे पळायचा, बाकीची पोरं बघत राहायची. हायस्कूलच्या क्लबमधे पन्नाससाठ जण, त्यातली बरीचशी पहिलीदुसरीपासून खेळणारी, आणि स्पर्धेसाठी पाठीवर लावायचे नंबर फक्त 20. पहिलं वर्ष बॉल गोळा करण्यात आणि लाकडी दाताळ्याने मैदान सारखं करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षीही नाव आलं नाही, स्टँडमधे मेगाफोन घेऊन ओरडून ओरडून घसा बसवून घरी आला, जेवला नाही, मी काही विचारलं नाही. सकाळी साडेपाचला नेहमीसारखा सायकल काढून गेला.

त्यानंतर त्याने स्वतःहून कोचकडे जाऊन तिसऱ्या बेसचं कोचिंग मागून घेतलं. इथे शाळेच्या मॅचमधे बेसजवळ मोठा माणूस उभा राहात नाही, टीममधलाच पोरगा राहतो, आणि तिसऱ्या बेसवरून रनर घरी, म्हणजे जिथे पोचलं की रन मिळतो त्या होमकडे, पळवायचा का थांबवायचा हे त्यानेच ठरवायचं, तेही एका क्षणात. जागा कुणाला फारशी नको असते कारण तिथे गेलं म्हणजे आपण खेळणार नाही हे मान्य केल्यासारखं होतं. ह्याने मात्र एक वही केली. मॅचआधी समोरची टीम फील्डिंगचा सराव करते तेव्हा हा आउटफील्डरचे, म्हणजे लांब उभ्या फील्डरचे, थ्रो बघून लिहायचा, कोणाचा हात जोरकस आहे, कोण बॉल उचलायला वेळ लावतो, कोण थेट होमला फेकतो आणि कोण मधल्याकडे देतो, गवत ओलं आहे का. अभ्यासाची वही कधी इतकी नीट ठेवली नाही ह्याने.

यंदा नंबर मिळाला, 17. पांढऱ्या कापडावर काळा आकडा, तो घरीच शर्टावर शिवायचा असतो. मी शिवला, एक कोपरा वाकडा गेला म्हणून उसवून परत शिवला. साताऱ्याला आईंना व्हिडिओवर दाखवला तर त्यांनी आधी देवापुढे दिवा लावला.

मागच्या मॅचला सगळे बेस भरलेले, आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, अकरावीतला पोरगा, पार घाबरलेला. शाळेच्या बेसबॉलमधे मुख्य कोचला मैदानात पाऊल टाकता येत नाही, निरोप घेऊन पोरालाच पाठवतात, नऊ इनिंगमधे तीनदाच. आमच्याकडे हे काम ह्याचंच. पळत गेला, सगळे गोल करून उभे राहिले, काहीतरी बोलला आणि अख्खं टोळकं हसायला लागलं. घरी विचारलं तर म्हणे, "आई, कोचचा निरोप होता की एक रन गेला तरी चालेल, आउट घ्या. तो आधी सांगितला. मग म्हणलं, लवकर आटपा, आईने चकल्या आणल्यात, उन्हात मऊ पडतील." एकच रन गेला आणि ती मॅच आम्ही जिंकलो.

आज शेवटच्या इनिंगला एका रनने मागे, दोन आउट, दुसऱ्या बेसवर रनर. हिट उजवीकडे गेला. ह्याच्या वहीत तो आउटफील्डर कमजोर हाताचा होता, त्यामुळे ह्याने हात गरागरा फिरवला, पळ पळ. पण त्या पोराने आयुष्यातला सगळ्यात सरळ थ्रो केला असणार, एक टप्पा आणि थेट कॅचरच्या हातात. आउट. संपलं.

रनर होमजवळ मातीतच पडून रडत होता. माझा लेक तिकडे धावला, त्याला काखेत धरून उठवलं, त्याच्या पँटची माती झटकली आणि रांगेत नमस्कार करायला घेऊन गेला. नंतर ग्राऊंडबाहेर सगळी टीम जमली तेव्हा मीही जवळच होते. हा पुढे होऊन स्पष्ट म्हणाला की पाठवायचा निर्णय माझा होता, तो जितकं पळता येतं तितकं पळला, त्याला कुणी काही बोलायचं नाही. आवाज हलला नाही. कोच म्हणाले, मी असतो तरी पाठवलंच असतं. मग मात्र हा रडला, आणि मी पण.

त्या रनरची आई माझ्यापाशी येऊन कितीतरी वेळ वाकून आभार मानत होती, मला जपानी धड सुचेना, नुसता तिचा हात धरून उभी राहिले.

आत्ता साडेअकरा वाजलेत आणि हा अजून फोनवर आहे, दहावीत नवीन आलेल्या एका पोराला वही समजावून सांगतोय. बुधवारपासून नवीन टीमचा सराव आहे, कोचने ह्याला बेस कोचिंग शिकवायला बोलावलंय. परत पहाटेचा डबा आला, आणि ह्यावेळी चकल्या जास्त द्यायच्या अशी ऑर्डर आहे.