प्रवाळाविना खाऱ्या पाण्याची टाकी : नव्या प्रारंभाची प्रगतीनोंद

दशकाहून अधिक काळ खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या छंदापासून दूर राहिल्यानंतर, गेल्या वर्षी पावसाळा ओसरताना मी ठाण्याच्या घरात पुन्हा एक टाकी उभी करायला घेतली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच अशी ही टाकी असून खाली कपाटात संप, म्हणजे पाणी गाळण्याची जोडटाकी, आहे. या छंदाचे जे चित्र आपल्या मनात बसलेले असते, त्याच्या मध्यभागी कठीण प्रवाळ आणि त्याखाली लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून काढलेला सजीवांनी भरलेला खडक, असतो. माझ्या टाकीत या दोन्ही गोष्टी नाहीत आणि यापुढेही नसतील. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि हे संरक्षण आजही कायम आहे. ते केवळ जिवंत प्राण्यापुरते नाही. शोभेसाठी म्हणून विकला जाणारा पांढरा, वाळलेला प्रवाळही त्यातच मोडतो, आणि लाइव्ह रॉक म्हणजे तरी बहुतांशी जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. मालवणला, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात, जिवंत प्रवाळ पाण्यात डोके घालून पाहता येतो. त्याची जागा तिथेच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे हाताने बनवलेला खडक, हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेले मासे आणि समुद्री शेवाळांची बाग अशी या टाकीची आखणी ठरली.

खडक

सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त आनंद या कामाने दिला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. पांढरे सिमेंट एक भाग आणि कुटलेले शिंपले साधारण चार भाग हे प्रमाण मी धरले. शिंपले घरच्याच स्वयंपाकातले, म्हणजे तिसऱ्यांचे आणि कालवांचे होते; ते उकळून, कडक उन्हात वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटले. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने खाऱ्या पाण्यात त्याचा काही त्रास नाही. या मिश्रणात भरपूर खडे मीठ घातले आणि पाणी इतके बेताचे ठेवले की गोळा जेमतेम धरला जाईल. घमेल्यात ओली वाळू भरून तिच्यात हाताने खळगे केले आणि त्यांत मिश्रण थापले, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला वेगळा आकार आला. कमानी आणि कपारी करण्यासाठी ओल्या वाळूचेच गोळे आत ठेवले, जे नंतर पाण्याने धुऊन निघाले. सिमेंट आवळल्यावर तुकडे पाण्यात बुडवले की मीठ विरघळते आणि खडकाला अनारशासारखी जाळी पडते. पुढे जिवाणूंना राहायला जागा मिळते ती याच छिद्रांत. खडकाच्या आत सळई किंवा लोखंडी जाळी मात्र मुळीच घालू नये, कारण मीठ तिला गंजवते आणि खडक आतून फुटतो.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ताज्या सिमेंटमधून मोकळा चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा पीएच ११ च्याही वर जातो, ज्यात कोणताही मासा जगणार नाही. मी खडक मोठ्या पिंपात बुडवून ठेवले आणि दर आठवड्याला पाणी बदलत राहिलो. सुरुवातीला पाण्यावर पांढरी साय धरत असे. ती हळूहळू विरळ होत गेली. पाणी न बदलता आठवडाभर तसेच ठेवूनही पीएच ८.४ च्या वर चढत नाही अशी खात्री झाल्यावरच खडक टाकीत गेले. त्या वेळेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. विकतचे सिरॅमिक खडकही मिळतात आणि ज्यांना वाट पाहायची नाही त्यांनी ते जरूर घ्यावेत.

पाणी

स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी या कामी येत नाही, ही गोष्ट नव्याने येणाऱ्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते, त्यामुळे शुद्ध दिसणाऱ्या त्या पाण्यातही विरघळलेले क्षार शिल्लक असतात. मी त्या जोडण्या नसलेली स्वतंत्र आरओ जोडणी घेऊन तिच्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा लावला आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दाखवेपर्यंत पाणी साठवले नाही. मीठ मिसळल्यावर क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास ठेवली. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावण्यापेक्षा हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवणे अधिक भरवशाचे, कारण आपल्याला अचूकता हवी असते ती त्याच टोकाला.

डिसेंबर ते फेब्रुवारी

हाताने बनवलेल्या खडकावर आपल्या उपयोगाचा कोणताही जीव नसतो, त्यामुळे सायकल, म्हणजे घातक अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वसवण्याची प्रक्रिया, पूर्णपणे शून्यापासून सुरू करावी लागली. बाटलीतील जिवाणू घातले आणि अमोनियम क्लोराइड देऊन अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात २ भाग) नेला. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगवेगळे असतात, आणि दुसऱ्या गटाला जम बसवायला बराच अधिक वेळ लागतो. या मधल्या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पाण्यात नायट्राइट असेल तर बहुतेक रंगमापक किट नायट्रेट प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक दाखवतात. एका दिवसात २ पीपीएम अमोनिया आणि त्यामागचे नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, तेव्हा ही पायरी पूर्ण झाली असे मी मानले.

जानेवारीत अपेक्षेप्रमाणे सगळीकडे डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ, पसरले. त्यांना सिलिकेट लागते आणि नव्या सिमेंटच्या खडकात ते असतेच, त्यामुळे मी औषधाच्या मागे न लागता काच पुसणे आणि पाणी बदलणे एवढेच केले. अशा वेळी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा मोह टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पोषक द्रव्ये संपलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात आणि त्यांना हटवणे डायटमपेक्षा पुष्कळ अवघड असते. माझ्या टाकीत तर शेवाळ वाढवायचे असल्याने नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या जवळ मी मुद्दाम राखतो. फेब्रुवारीत एका स्नेह्याच्या टाकीतून ग्रॅसिलेरिया या शेवाळाचे लाल झुबके आणि किटोमॉर्फा या हिरव्या तंतुमय शेवाळाचा एक गुंता आणला, आणि दोन्हींनी लगेच जोर धरला.

मासे

क्लाऊनफिशची एक लहान जोडी हॅचरीत जन्मलेलीच घ्यायची हे आधीपासून ठरले होते. मी छंद सोडला त्या काळात असा मासा मिळवणे दुर्मीळ होते, आणि आज ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशनने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली आहे. मला या पुनरागमनात सर्वांत समाधान देणारा बदल हाच आहे. हॅचरीतील मासा पहिल्या दिवसापासून दाण्यावर येतो, आणि तो स्वतः समुद्रातून पकडलेला नसतो. तरीही जोडी महिन्याहून अधिक काळ वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवली, कारण विक्रेत्याच्या टाकीतून क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. दोन्ही पिल्ले नर म्हणूनच वाढतात आणि त्यांतले वरचढ पुढे मादी बनते. माझ्याकडील मोठ्या पिल्लाने आता खडकाची उजवी कपार ताब्यात घेतली आहे आणि लहान पिल्लू त्याच्यापुढे अंग थरथरवून दुय्यमपणा मान्य करते.

उन्हाळा आणि पावसाळा

पूर्वीच्या टाकीवर २५० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे होते आणि त्यांची उष्णता थेट पाण्यावर उतरत असे. एलईडीमुळे तो भार पुष्कळ हलका झाला असला, तरी एप्रिल-मे महिन्यांत ठाण्याच्या बंद खोलीतील हवाच ३३ अंशांपर्यंत जाते. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा हा सर्वांत स्वस्त उपाय. एक लिटर पाण्याची वाफ होताना इतकी उष्णता निघून जाते की २०० लिटर पाण्याचे तापमान सुमारे तीन अंशांनी उतरावे. हवा कोरडी असेल तरच ही वाफ झपाट्याने होते. पुण्यातील मित्रांचे मे महिन्यात नुसत्या पंख्यावर भागते. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत त्याचा परिणाम निम्म्यावर येतो आणि जुलैत तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणून अखेर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेतला आणि तो खोलीत न ठेवता गॅलरीत बसवला, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो भोवतालच्या हवेतच सोडतो. आता तापमान २६ अंशांच्या आसपास स्थिर आहे.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तापमानाच्या आधी प्राणवायूची काळजी करावी लागते. पाणी २५ अंशांवरून ३० अंशांवर गेले तर समुद्राच्या पाण्यात मावणारा प्राणवायू लिटरला साधारण ६.७ मिलिग्रॅमवरून ६.२ मिलिग्रॅमवर येतो, आणि रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप मी संपमध्ये कायमचा जोडून ठेवला आहे. वातानुकूलनासाठी खिडक्या बंद राहिल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पहाटेचा पीएच ७.९ पर्यंत उतरतो. संपमधील किटोमॉर्फावर रात्रभर दिवा चालू ठेवल्याने हा उतार बराच आटोक्यात आला.

सध्या हॅलिमेडाचे दोन कोंब रुजत आहेत. हे शेवाळ आपल्या अंगात कॅल्शियम कार्बोनेट साठवत असल्याने क्षारीयता (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, ज्याचे एकक डीकेएच) आठवड्याभरात ८.४ डीकेएचवरून ७.८ वर येऊ लागली आहे, आणि म्हणून कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट यांची वेगवेगळी द्रावणे थोड्या थोड्या मात्रेत देणे सुरू केले आहे. ग्रॅसिलेरियाची टोके मात्र मूळच्या गडद लाल रंगावरून फिकट पिवळसर होत आहेत. नायट्रेट पुरेसे असल्याने पाण्यात लोहाची कमतरता असावी असे मला वाटते. ज्यांनी मुंबई परिसरातील टाकीत लाल शेवाळ वर्षभर टिकवले आहे, त्यांनी लोहाची मात्रा किती आणि किती दिवसांच्या अंतराने दिली, आणि त्या काळात दिवे किती तास चालू ठेवले, हे कृपया कळवावे.