माझ्या नायट्रोजनचा जमाखर्च

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मॅडमनी विचारलं, "प्रथिनांच्या अभ्यासाला मुली हव्यात. बारा दिवस इथंच राहायचं, इथलंच जेवायचं. येशील?" मेसच्या जेवणापासून सुटका म्हणून मी हो म्हणाले. बाकीचं संमतीपत्रावर सही करताना वाचलं.

हिशेब दिसायला सोपा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. अन्नातला नायट्रोजन जमा, लघवी-शौचातला खर्च. दोन्ही बाजू जुळल्या तर तेवढी प्रथिनं अंगाला पुरली. माझं वजन ५२ किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम या शिफारशीनं दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६.९ ग्रॅम नायट्रोजन. पहिले सात दिवस शरीराला सवय होण्यासाठी, पुढचे पाच मोजणीचे. पाळी त्यात येत नाही ना, हेही आधीच विचारून घेतलं होतं.

प्रत्येक ताटासारखं दुसरं ताट वाढून ते मिक्सरमधून काढून प्रयोगशाळेत जायचं. वरण संपलं की वाटीत पाणी घालून, विसळून प्यायचं. आजी घरी असं करायची तेव्हा मी नाक मुरडायचे. इथं वॉर्डातल्या ताई वाटीचा तळ बघितल्याशिवाय हलायच्या नाहीत.

लघवीसाठी कॅन, त्यात थोडं आम्ल, नाहीतर नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. मोजणीच्या सुरुवातीला आणि शेवटी कार्माइन या लाल रंगाची कॅप्सूल. शौच लाल दिसलं की डबे सुरू, पुन्हा लाल दिसलं की बंद. कार्माइन किड्यांपासून करतात हे कळल्यावर शेजारच्या खाटेवरच्या शाकाहारी मैत्रिणीनं साफ नकार दिला. तिला निळा रंग दिला.

मोजणीच्या चौथ्या रात्री मी अर्धवट झोपेत उठले, नेहमीच्या संडासात गेले आणि पाणी ओतल्यावर जागी झाले. कॅन खाटेखालीच होता. सकाळी सांगायला हवं होतं. लाज वाटली, बोलले नाही.

पुढे केल्डाल पद्धतीनं नायट्रोजन काढला. सल्फ्युरिक आम्लात उकळण्यापासून टायट्रेशनपर्यंत मीही मदतीला होते. सरासरी लघवीत ४.८ ग्रॅम, शौचात ०.९. घाम, केस, नखं, त्वचेची झीज मोजणं फार अवघड, म्हणून किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले. शिल्लक रोज ०.९ ग्रॅमच्या वर. मी खूश.

मॅडम म्हणाल्या, "याची प्रथिनं कर. मग स्नायू कर." साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम स्नायू, रोज. वर्षाला दहा किलो! माझा वजनकाटा बारा दिवसांत जागचा हलला नव्हता.

मग त्यांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे स्नायूंतून लघवीत येणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाचा, तक्ता पुढं ठेवला. शरीर ते रोज साधारण सारखंच बाहेर टाकतं, आणि माझा चौथ्या दिवसाचा आकडा बाकीच्या दिवसांपेक्षा पाचव्या हिश्शानं कमी होता. मी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, पण ते "हं" अजून ऐकू येतं. तो दिवस वगळला तेव्हा लघवीचा आकडा ५ झाला, शिल्लक ०.७ वर आली. वर ५ मिलिग्रॅम हा समशीतोष्ण हवेचा आकडा. उष्ण प्रदेशासाठी ११ धरतात. तो घातल्यावर उरले ०.४. कागदावर एक गृहीतक बदललं आणि माझे निम्म्याच्या जवळपास स्नायू गेले.

खरी गोम इथं आहे. चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या असत्या तर सरासरीत मिटल्या असत्या. इथं सांडलेलं, ताटाला चिकटलेलं अन्न जमा फुगवतं, आणि हुकलेली लघवी, उडालेला अमोनिया, न मोजलेला घाम खर्च आटवतात. दोन्हींनी शिल्लक वाढते. म्हणजे कमी प्रथिनांतही भागतंय असं दिसतं. आणि ०.८३ हा आकडा, जो हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींतही आहे, अशाच अभ्यासांच्या २००३ सालच्या एकत्रित विश्लेषणावर उभा आहे. श्वासातला कार्बन-१३ मोजणाऱ्या नव्या पद्धतीनं गरज त्याहून जास्त येते. तो आकडा फेकून द्यावा असं मी म्हणत नाही, पण त्यातला दुसरा दशांश मला आता हसू आणतो.

शेवटी मॅडमनी विचारलं, "वाट्या रोज विसळून प्यायलीस ना?"

वरणाची प्यायले होते. कोशिंबिरीची कधीच नाही. तिच्या कडेला रोज दाण्याचं कूट चिकटलेलं असायचं, आणि ते सगळं जमेत धरलेलं होतं.