‘मॅडम, नोकरी लावून देता ना?’

पुण्यात स्वतःचं करिअर मार्गदर्शनाचं काम सुरू करायचं ठरलं, आणि उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, अर्ज भरताना एनआयसी कोडपाशी अडले. तुमचा धंदा नेमका कोणता, ते तिथल्या यादीतून निवडावं लागतं. ७८१०० म्हणजे नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सी. ८५५०० म्हणजे शिक्षणाला पूरक सेवा, त्यात मार्गदर्शन बसतं. एचआरमध्ये बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे जो तो मला ७८१०० सुचवायचा. पैसा तिथेच आहे, खोटं कशाला बोलू! उमेदवार लागला की कंपनी साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, एजन्सीला देते. पण मग गिऱ्हाईक कंपनी ठरते, आणि समोरच्या माणसाला रिकाम्या जागेत बसवणं एवढंच आपलं काम उरतं. मी ८५५०० निवडला.

बाकीचं सोपं गेलं. उद्यमला एक रुपयाही लागत नाही, आधार, पॅन आणि ओटीपीवर होतं. सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स फी मागतात, त्यांच्या नादी लागू नका. मोजकीच माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे शॉप अ‍ॅक्टला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. हे दोन कागद दाखवून करंट खातं उघडलं. सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तो आकडा माझ्यापासून अजून लांब आहे. वेळ खाल्ला तो फक्त जागेच्या मालकांकडून वीजबिलाची झेरॉक्स मिळवण्याने.

माणसं मिळवणं मात्र जड गेलं. नवी पेठेत एमपीएससीच्या अभ्यासिका खच्चून भरलेल्या, पण आत बसलेल्याला दुसरं काही सुचवणं म्हणजे त्याला नापास म्हणण्यासारखंच वाटतं. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, म्हणजे ‘अजून वेळ आहे’ म्हणायला भरपूर जागा. तिथलाच एक कृषी पदवीधर आला तो आईने हाताला धरून आणलेला. बसायच्या आतच आईंनी विचारलं, “मॅडम, नोकरी लावून देता ना?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

मी लगेच चाचणी देत नाही. हॉलंडची चाचणी वापरते, जी आवडीनिवडींवरून माणसांचे सहा प्रकार पाडते आणि प्रत्येकाला एक अक्षर देते, पण नंतर. आधी दिली की लोक स्वतःला त्या अक्षरांत कोंबून घेतात. त्याला विचारलं, “कुणी न सांगता अलीकडे काय केलंस?” बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “ताई, मेस बंद पडत होती. हिशेब मी घेतला. पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणायचो.” भाजीचे भाव सांगताना गडी एकदम खुलला. राज्यघटनेच्या कलमांबद्दल बोलताना तो तसा नव्हता.

त्याला नाशिककडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत आठवडाभर नुसतं बघायला पाठवलं. माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग हाच, आणि फी देताना लोकांना नेमका हाच फुकटचा वाटतो! परत आला तो तक्रारी घेऊनच: निर्यातीची कागदपत्रं कंटाळवाणी, पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून भरतात तिथे, दिवसभर उभं राहणं नको. पण शेतकऱ्यांकडून माल ठरवून आणायचं काम त्याला आवडलं होतं. आता तेच करतो. पगार आईंच्या मनातल्यापेक्षा बराच कमी आहे, आणि ते त्या मला फोनवर ऐकवतात.

पूर्व परीक्षेचा फॉर्म त्याने यंदाही भरलाय. भरू दे, वय आहे अजून.